पद्माकररावांचं एक फ्रेंच वाक्य

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. सोपा आहे. उत्तर मात्र इथे बसलेल्या एकालाही चटकन येणार नाही. पैज!

घरातल्या माणसाला द्यायचं काय राहून गेलंय — हे ओळखायचं कसं?

हसू नका! बाहेरच्याचं सोपं असतं. शेजाऱ्याची शिडी आणलीत, परत केली नाहीत, तर तो कुंपणावरून डोकावतो. पाहुण्याच्या लग्नात आहेर कमी पडला, तर तो पुढच्या लग्नात तोंड फिरवतो. लगेच कळतं! पण घरचं माणूस? ते मागत नाही, डोकावत नाही, तोंडही फिरवत नाही. सकाळी चहा देतं, रात्री अंथरूण घालतं. आणि आपण म्हणतो — आमचं अगदी छान चाललंय! काही म्हणजे काही राहिलेलं नाही!

नाही ना राहिलेलं? काका, तुम्ही मान हलवलीत. बघू. आख्यान संपलं की परत विचारतो.

तर ऐका.

कऱ्हाडात पद्माकर अवसरे नावाचे एक गृहस्थ. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आता निवृत्त. वाहतूक नियंत्रक म्हणजे कोण? स्टँडवर काचेच्या खोलीत बसून भोंग्यातून ओरडतो तो! ‘कोल्हापूरहून येऊन साताऱ्यामार्गे पुण्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे!’ — हा आवाज उभ्या कऱ्हाडाच्या ओळखीचा. नोकरी सुटली, भोंगा सुटला, आवाज मात्र सुटला नाही. घरात मीठ मागितलं तरी शेजारची म्हातारी उठून पिशवी आवरायला लागायची!

आणि यांच्या पत्नी, चारुशीलाबाई. माहेर पुण्याचं. शिक्षण काय? तर फ्रेंच! मंडळी, मुलगी फ्रेंचची पदवीधर, मुलगा एसटीत. हे जमलं कसं? — पत्रिका जमली! आपल्याकडे पत्रिका जमली की पुढचं कोण बघतो?

लग्न होऊन बाई कऱ्हाडात आल्या आणि काही वर्षांनी तिथल्या ज्युनिअर कॉलेजात फ्रेंच शिकवायला लागल्या. मुलं यायची ती फ्रेंचच्या प्रेमाने नव्हे हां! मार्क चांगले पडतात म्हणून यायची. परीक्षा झाली की विसरून जायची. बाई मात्र तीस वर्षं त्याच हौसेने शिकवत राहिल्या. कॅसेटवर ऐकून शिकलेले उच्चार, जुन्या पुस्तकांतले धडे. आणि या तीस वर्षांत कऱ्हाडात फ्रेंच माणूस किती आले? एकही नाही! कशाला येईल? बाई फ्रेंच बोलल्या ती फळ्याशी, वहीशी, फार तर स्वयंपाकघरात कुकरशी. उत्तर कुणी दिलं नाही. कुकरने दिलं असेल तर तेवढंच.

यंदा बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्याबरोबर कॉलेजातलं फ्रेंचही. पुढच्या वर्षीपासून विषयच बंद! निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, गुच्छ. प्राचार्य भाषणाला उभे राहिले. म्हणाले, ‘‘अवसरे बाईंनी या महाविद्यालयात तीस वर्षं निष्ठेने जर्मन शिकवलं!’’

जर्मन!

टाळ्या पडल्या हो! कुणाच्या लक्षातही आलं नाही. बाई हसल्या, नमस्कार करून खाली बसल्या. मागच्या खुर्चीवर पद्माकरराव बसले होते, त्यांच्या मात्र लक्षात आलं. घरी आल्यावर बाईंनी पुस्तकं उचलली, पलंगाखालच्या पेटीत घातली आणि सहज बोलाव्या तशा बोलल्या, ‘‘झालं. आता हे कुणाशी बोलायचं?’’

हे वाक्य पद्माकररावांच्या मनात रुतून बसलं. त्या रात्री त्यांनी ठरवलं — हिला जेवायला न्यायचं. निवृत्तीचं जेवण. साधंसुधं नाही. फ्रेंच हॉटेलात! पुण्याला!

मुलगी पुण्यात असते, तिला फोन लावला. मृण्मयी तिचं नाव.

‘‘मिनू, पुण्यातलं एक नंबरचं फ्रेंच हॉटेल सांग.’’

‘‘बाबा, हळू बोला, फोनवर आहात. आणि फ्रेंच? तुम्ही? तुम्हाला पिझ्झा खाऊन उचकी लागते!’’

‘‘माझ्यासाठी नाही, आईसाठी. तिला कळू द्यायचं नाही.’’

मुलगी हुशार. तिने तीन नावं पाठवली. कुठले दिवे छान, कुठली बाग छान, कुठे लोकांनी किती तारे दिलेत, सगळं बघून. आता तुम्ही-आम्ही काय बघितलं असतं? गाडी कुठे लावायची. मुतारी स्वच्छ आहे का. पद्माकररावांनी यातलं काही बघितलं नाही. त्यांना एकच गोष्ट हवी होती. त्यांनी तिन्ही ठिकाणी फोन केला आणि एकच प्रश्न विचारला.

‘‘तुमच्याकडे फ्रेंच आहे का?’’

पहिल्या ठिकाणचा म्हणाला, ‘‘आहे ना सर! फ्रेंच फ्राईज आहेत, फ्रेंच टोस्ट आहे —’’

‘‘माणूस! माणूस फ्रेंच आहे का?’’

फोन बंद झाला. त्या पोराने काय समजून बंद केला, देव जाणे!

दुसऱ्या ठिकाणचा म्हणाला, ‘‘आमचे शेफ पॅरिसला शिकून आलेत सर.’’ शेफ म्हणजे मुख्य आचारी. पद्माकरराव खूश! ‘‘द्या त्यांना फोन!’’ शेफ आले. ‘‘बोला काका. कुठून बोलताय? कऱ्हाड? अहो, मी तुमच्या शेजारचा, उंब्रजचा की! या तुम्ही, काकूंना घेऊन या. फ्रेंच राहू दे, झणझणीत रस्सा करून घालतो!’’

माणूस गोड हो! पण पद्माकररावांनी फोन ठेवला आणि म्हणाले, उंब्रजच्या माणसाशी बोलायला मी बायकोला पुण्याला कशाला नेऊ? उंब्रजला नेईन!

तिसरा फोन. घंटा वाजली. पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला — ‘‘बोंजूर!’’

मंडळी, पद्माकरराव खुर्चीतून उठून उभे राहिले! फोनवर! जसे काही एसटीचे विभाग नियंत्रक साहेबच समोर आलेत. इंग्रजीतून विचारलं, ‘‘यू… फ्रॉम फ्रान्स?’’

‘‘हो, लिआँ शहराची.’’

‘‘यू टॉक फ्रेंच?’’

‘‘जन्मल्यापासून बोलतेय, मस्यू.’’

‘‘गुड! व्हेरी गुड! वन टेबल!’’

ठरलं! मुलीला कळवलं, ‘‘मिनू, ते तिसरं नक्की केलं. ले चॅट ब्लँक.’’

‘‘बाबा, ते ‘ल शा ब्लाँ’ आहे. म्हणजे पांढरं मांजर.’’

‘‘असं होय! मला वाटलं, चाटही मिळते.’’

‘‘आणि बाबा, ते त्या तिघांतलं सगळ्यात भारी आहे. तिथे लोक कोट घालून जातात.’’

‘‘माझा लग्नातला आहे.’’

‘‘तो बसतो?’’

‘‘मी श्वास धरून बसेन!’’

आता खरी गंमत ऐका. पद्माकररावांना वाटलं, जेवण झालं, बोलायला माणूस झालं, पण आपणही काहीतरी करायला हवं. आपणही बायकोशी एक वाक्य फ्रेंचमधून बोलायचं! एकच. मग ते गेले स्टँडवर, फलाटावरच्या पुस्तकवाल्याकडून प्रवाशांसाठी असते तशी एक छोटी पुस्तिका आणली. फ्रेंच वाक्यं, देवनागरीत उच्चार, पुढे अर्थ. आता प्रवाशाच्या पुस्तिकेत प्रेमाची वाक्यं कुठून असणार? ‘माझी बॅग हरवली आहे.’ — बायकोला कसं म्हणणार? ‘मला जुलाब होत आहेत.’ — तिथे जेवणाच्या टेबलावर? शेवटी शोधता शोधता एक सापडलं. ‘मादाम, वुले-वू दिने अवेक म्वा?’ अर्थ : बाईसाहेब, माझ्याबरोबर जेवाल का?

झकास! हेच!

रोज सकाळी नदीकाठी प्रीतिसंगमावर फिरताना घोकायला लागले. दिने अवेक म्वा, दिने अवेक म्वा. बरोबरच्या एका पेन्शनराने विचारलं, ‘‘अवसरे, कुठला जप धरलात?’’ पद्माकरराव म्हणाले, ‘‘गृहलक्ष्मीचा!’’ त्याने घरी जाऊन देवघरातल्या पोथ्या धुंडाळल्या म्हणे!

दिवस उजाडला. दोघं एसटीने निघाले. गाडीने सातारा सोडलं आणि पद्माकररावांच्या पोटात काही राहीना. आनंद पोटात ठेवणं किती कठीण! सांगून टाकलं सगळं. ‘‘चारू, आपण फ्रेंच हॉटेलात जेवायला चाललोय! आणि ऐक, खरी मजा पुढेच आहे. तिथली मालकीण फ्रेंच आहे. खरीखुरी! तू बोल तिच्याशी. पोटभर बोल!’’

त्यांना वाटलं, बाई हसतील. कदाचित डोळ्याला पदर लावतील.

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. वेळे गाव गेलं, घाट लागला. मग हळूच म्हणाल्या, ‘‘अहो, तुम्ही मला विचारलंत का?’’

‘‘सरप्राइज आहे ना!’’

‘‘सरप्राइज काय! मी शिकले कॅसेटवर. शिकवलं पुस्तकातून. खऱ्या फ्रेंच माणसाशी आजपर्यंत एक वाक्य बोलले नाही. त्या बाईला माझं अक्षर कळलं नाही तर?’’

‘‘कळेल की.’’

‘‘आणि नाही कळलं तर? मग मी तीस वर्षं त्या पोरांना काय शिकवलं? सांगा ना! मला माहीत नव्हतं तोवर बरं होतं हो. आता निवृत्त झाले, झाकली मूठ घेऊन घरी बसले असते. ती तुम्ही उघडायला निघालात.’’

मंडळी, घाटात गाडी वळणं घेत होती आणि पद्माकररावांनी समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला, तो वळणामुळे नव्हे. आपण काय केलं हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. मेजवानी द्यायला निघालो आणि बायकोला परीक्षेला बसवलं! तेही साठीला टेकल्यावर! तेही भर हॉटेलात!

आपणही असंच करतो बरं का. द्यायचं असतं दुसऱ्याला, आणि आवडेल ते निवडतो आपल्याला. आईला मोबाइल आणतो, तो येतो मुलाच्या हातात. बायकोला वाढदिवसाला मिक्सर! तो मिक्सर कुणाच्या चटणीसाठी? — बघा, बायका हसल्या. पुरुष पेटीकडे बघताहेत. पेटीवाले, तुम्ही वाजवा, तुमच्याकडे उत्तर नाहीये!

परत फिरायचं म्हटलं, तर टेबल सांगितलेलं. गेले दोघं. जुना बंगला, मागे बाग, आत पांढरीशुभ्र टेबलं, मधोमध मेणबत्ती. भिंतीवर मांजराचं चित्र. बाईंनी जांभळी इरकल नेसलेली. पद्माकरराव लग्नातल्या कोटात. बटण लागत होतं, पण वाकता येत नव्हतं!

काळं जाकीट घातलेला वाढपी आला, खुर्ची ओढली, जेवणाचं कार्ड दिलं. डाव्या पानावर फ्रेंच, उजव्या पानावर इंग्रजी. आणि पद्माकररावांनी काय बघितलं? बाई उजवं पान वाचताहेत!

फ्रेंच शिकवण्यात जन्म गेला त्या बाई इंग्रजी पान वाचताहेत!

बाईंनी इंग्रजीतच कांद्याचं सूप सांगितलं, बटाट्याचा एक प्रकार सांगितला. वाढपी म्हणाला, ‘‘मादाम ओदील स्वयंपाकघरात आहेत. थोड्या वेळाने प्रत्येक टेबलाशी येतात.’’ बाई घाईघाईने म्हणाल्या, ‘‘नको नको, कामात असतील, त्रास नका देऊ.’’

सूप आलं. वर भाजलेलं चीज, खाली रटरटता कांदा. आता तुम्ही वाट बघत असाल, की एवढीशी बशी येणार, चमचाभर जेवण येणार आणि ही दोघं उपाशी परत येऊन वडापाव खाणार! — नाही हो! पोटभर होतं. चवीलाही उत्तम होतं. ही गोष्ट पोटाची नाहीच!

बाई खाली मान घालून जेवत होत्या. दर थोड्या वेळाने त्यांचं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे जायचं आणि दार हललं की घास अडायचा. पद्माकररावांना ते बघवेना. काय करावं? उठून जावं? बिल मागावं? माणूस साधा. त्याच्याकडे दुसरं काय होतं? एक वाक्य होतं. प्रीतिसंगमावर घोकलेलं. ते तेवढंच होतं त्याच्यापाशी.

मनाशी म्हणाले, हसली तर हसू दे. निदान हसेल तरी!

उठले. का? तर उभं राहिल्याशिवाय त्यांना महत्त्वाचं काही बोलता येत नाही. घसा खाकरला. आणि मग, मंडळी, निघाला तो आवाज! भोंग्याशिवाय! —

‘‘मादाम! वुले-वू! दिने! अवेक म्वा!’’

फलाट क्रमांक चार!

सगळं हॉटेल थांबलं. काटे हवेत, चमचे हवेत. कोपऱ्यातल्या एका कुटुंबाने तर पिशव्या उचलल्या, अशी माझी समजूत आहे. आणि स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं. मादाम ओदील! उंच, पांढरे केस, कमरेला अॅप्रन, हातात पळी. तिने काय बघितलं? एक एकटी सोज्वळ बाई मान खाली घालून जेवतेय. तिच्या डोक्याशी एक घट्ट कोटवाला माणूस उभा. आणि ओरडून विचारतोय — बाईसाहेब, माझ्याबरोबर जेवाल का!

सांगा, तुम्ही काय समजला असता?

तीही तेच समजली! तरातरा आली. बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि थेट फ्रेंचमधून विचारलं, ‘‘बाईसाहेब, हे गृहस्थ तुम्हाला त्रास देताहेत का? तुम्हाला दुसरं टेबल देऊ? की यांना बाहेर काढू?’’

चारुशीलाबाईंना शब्द न् शब्द कळला होता. पण जीभ टाळूला चिकटलेली!

इकडे मादामने पद्माकररावांचं कोपर धरलं, दाराकडे वळवलं. पद्माकररावांना वाटलं, शाबासकी देतेय! त्यांनी मान लववली आणि मोठ्या प्रेमाने म्हणाले, ‘‘मेर्सी!’’ मेर्सी म्हणजे आभारी आहे! मंडळी, हॉटेलातून हाकलतात आणि हा माणूस आभार मानत चालतोय!

दोन पावलं गेले असतील नसतील. मागून आवाज आला.

‘‘मादाम! से मों मारी!’’

तबलजी, बिस्किट नव्हे! ‘मों मारी’ म्हणजे माझे यजमान! तीस वर्षांत फळ्याशिवाय कुणाशी न बोललेल्या त्या बाई उभ्या राहून फ्रेंचमधून म्हणत होत्या — ‘‘बाई, सोडा त्यांना! ते माझे मिस्टर आहेत! चौतीस वर्षं झाली लग्नाला! आवाजच तसा आहे त्यांचा! स्वभावाने फार गरीब आहेत हो!’’

मादाम थांबली. कोपर सोडलं. मागे वळून बाईंकडे बघतच राहिली.

कळलं होतं! अक्षर न् अक्षर कळलं होतं!

‘‘अरे देवा! माफ करा! पण… तुम्ही फ्रेंच कुठे शिकलात?’’

‘‘कॅसेटवर.’’ बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. ‘‘चुकतं का?’’

‘‘थोडं जुन्या वळणाचं आहे. माझी आजी असं बोलायची. आता असं स्वच्छ कुणी बोलत नाही.’’

मग खुर्ची ओढून मादाम बसलीच. पळी टेबलावर. आणि सुरू झालं ते काय विचारता! पद्माकररावांना एक शब्द कळत नव्हता. ते नुसते बघत होते. बाईंचे हात हलत होते. भुवया वर जात होत्या. खांदे उडत होते! चौतीस वर्षं हीच बाई घरात होती, पण तिचे खांदे असे उडतात हे यांना ठाऊकच नव्हतं. मध्येच बाईंनी सुपाकडे बोट दाखवून काही म्हटलं, मादामने एक शब्द दुरुस्त केला, आणि बाई तोंडावर हात ठेवून हसत सुटल्या.

‘‘काय झालं?’’

‘‘अहो, कांदा! मी कांद्याचा उच्चार तीस वर्षं चुकीचा शिकवला! ‘व्वान्यों’ नाही, ‘ओन्यों’! आख्ख्या कऱ्हाडाला चुकीचा कांदा घातला मी!’’

ज्याची भीती होती ते झालं, बघा. चूक निघाली! आणि काय झालं? भूकंप? बाई हसताहेत! चूक सांगायला कुणीतरी समोर बसलंय, त्याचंच हसू हो ते.

मग मादामने एक प्रश्न विचारला. पद्माकररावांकडे बोट दाखवून विचारला. आणि हसता हसता बाईंनी चमचा खाली ठेवला.

आता इथे जरा सावरून बसा. मादामने विचारलं ते असं — ‘‘नवरा आहे, तर ते तुम्हाला ‘वू’ का म्हणाले? मी त्यानेच तर फसले!’’

फ्रेंचमध्येही आपल्यासारखंच आहे बरं का. जवळच्या माणसाला ‘त्यू’, म्हणजे आपलं ‘तू’. मानाच्या, परक्या माणसाला ‘वू’, म्हणजे ‘तुम्ही’. अहो-जाहो! तिकडे नवरा-बायको दोघंही एकमेकांना ‘तू’च म्हणतात. पुस्तिका होती प्रवाशांची. परक्या देशात परक्यांशी बोलायची. तीत सगळीकडे ‘वू’च असणार! पद्माकररावांना काय माहीत? त्यांनी छापलं होतं ते घोकलं.

मादाम पुन्हा म्हणाली, ‘‘तुमच्याकडे नवरा बायकोला ‘वू’ म्हणतो का?’’

बाईंनी मान हलवली. ‘‘नाही. आमच्याकडे बायको म्हणते. नवरा नाही म्हणत.’’

‘‘कधीच नाही?’’

‘‘कधीच नाही.’’

मादाम शहाणी. तिने बाईंच्या तोंडाकडे बघितलं, पळी उचलली, कुणीतरी हाक मारतंय असं दाखवलं आणि निघून गेली. हाक कुणी मारली नव्हती हं!

टेबलाशी दोघंच उरली. पद्माकरराव घाबरले. ‘‘चारू, काय म्हणाली ती? माझं काही चुकलं का?’’

‘‘चुकलं.’’

‘‘काय चुकलं?’’

‘‘तुम्ही मला अहो म्हणालात.’’

‘‘मी? कधी?’’

‘‘मघाशी. उभं राहून. सगळ्यांच्या देखत.’’

‘‘अगं, पुस्तकात तसंच होतं! मला काय ठाऊक? थांब, बदलतो, नीट कसं म्हणायचं ते सांग —’’

‘‘नको,’’ बाई म्हणाल्या. ‘‘बदलू नका. परत एकदा म्हणा. हळू म्हणा.’’

दिले दागिने, दिली पैठणी, दिले घरातिल स्थान
देता देता राहुनि गेला एक तेवढा मान!

मंडळी, वाईट माणूस होता का तो? मुळीच नाही! बायकोची पुस्तकं पेटीत गेली ते ज्याला सलतं, तो वाईट कसा? पण तीस वर्षं हजारो पोरांनी जिला ‘अहो बाई’ म्हटलं, तिला घराच्या उंबऱ्याच्या आत कुणी ‘अहो’ म्हटलं नव्हतं. सासऱ्यांनी ‘अगं’, सासूने ‘ए’, नवऱ्याने ‘अगं चारू’. माया होती हो त्यात! मायेला मी नाव ठेवत नाही. पण माया दिली म्हणून मान दिल्यासारखा होत नाही. दोन्ही वेगळी खाती आहेत. एकातली रक्कम दुसऱ्यात धरता येत नाही!

पद्माकररावांनी या वेळी उभं राहून नाही म्हटलं. बसूनच, टेबलावर जरा पुढे झुकून. बटण तुटलं, तुटू दे! आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू आवाजात बोलले की शेजारच्या टेबलालाही ऐकू गेलं नाही. ‘‘मादाम… वुले-वू दिने अवेक म्वा?’’ आणि आता अर्थ कळला होता. अहो बाईसाहेब, तुम्ही माझ्याबरोबर जेवाल का?

बाईंनी डोळे पुसले. त्यांच्याकडे बघितलं. आणि फ्रेंचमधून उत्तर दिलं.

‘‘वी. अवेक त्वा.’’

‘वी’ म्हणजे हो, एवढं पुस्तिकेत होतं. ‘अवेक म्वा’ म्हणजे माझ्याबरोबर, हे पाठ होतं. पण ‘अवेक त्वा’? हे पुस्तिकेत नव्हतंच! परक्यांच्या पुस्तिकेत ते असतं कुठे? पद्माकररावांनी तोंडातल्या तोंडात घोळवलं. म्वा… त्वा. म्वा… त्वा. आणि मंडळी, डोक्यात लख्ख झालं! रोज सकाळी देवापुढे हात जोडून जुनी स्तोत्रं म्हणतो आपण. त्यात काय येतं? त्वां रक्षावे, त्वां तारावे! ‘म्यां’ म्हणजे मी, ‘त्वां’ म्हणजे तू!

तू!

चौतीस वर्षांत जी बाई ‘अहो’च्या खाली कधी उतरली नाही, तापात बरळली तरी ‘अहो, पाणी’ म्हणाली, ती आज म्हणाली — तुझ्याबरोबर. मराठीत तिच्या तोंडून ते निघालं नसतं. जीभच वळली नसती! म्हणून तीस वर्षं सांभाळलेल्या त्या भाषेतून काढून दिलं. आणि पद्माकररावांना कळलं, की ती ‘अहो’ म्हणत होती तेव्हा मान तर सगळा देत होती, पण आपल्या जवळ येऊन कधी बसली नव्हती. दाराशी उभी होती. कशी येणार? मान देणारा पायरीवरच थांबतो!

हॉटेल कुणी निवडलं? त्याने. ती कबूल होती का? नव्हती. वाक्य बरोबर होतं का? चुकलेलं. तरी जे राहिलं होतं ते दोघांनी एकमेकांना दिलं; ते कुणी घडवलं, हे मी बोलत नाही. तुम्हीच ओळखा.

देवाला आपण काय म्हणतो हो? ‘अहो देव, आपण पावता का?’ — म्हणतो का कधी? छे! ‘देवा, तू धाव!’ सगळ्यांत मोठा तो, आणि त्यालाच ‘तू’! आणि तो रागावत नाही, कारण त्या ‘तू’च्या आत मान ओतप्रोत भरलेला असतो. दोन्ही एकदम. घरात आपल्याला ते दोन्ही एकदम जमत नाही. एकाने नुसता मान द्यायचा, दुसऱ्याने नुसतं हक्काने बोलावायचं. जन्मभर! आणि दोघांनाही वाटतं — आपलं सगळं देऊन झालं!

आता, काका! मघाशी मान हलवलीत. काही राहिलेलं नाही म्हणालात. परत हलवता का? — नाही हलवत. बरं.

एक सांगतो. पुरुषांनो, आज घरी जाऊन एकदम ‘अहो’ म्हणायला लागू नका! बायका हुशार असतात. विचारतील, काय भानगड केलीत? आणि बायकांनो, तुम्हीही सासूबाईंच्या समोर ‘ए, तू’ सुरू करू नका. ते निस्तरायला या बुवाला बोलवाल, बुवा येणार नाही! घाई नाही. पण आपल्या माणसाला आपण कुठल्या नावाने, कुठल्या सुरात, किती अंतरावरून हाक मारतो, ते एकदा ऐका तरी. दुसऱ्याच्या कानाने ऐका. काय द्यायचं राहिलंय, ते त्या हाकेतच ऐकू येतं.

आता आरती लागेल. पलीकडे बायकांच्या बाजूला तुमची बायको बसली आहे, पाय अवघडलेत, उठायचं आहे. तुम्ही पुढे जाल, आरतीला बोलवायला तिला हाक माराल.

हं! मारा. मी आणि हा देव, आम्ही दोघंही ऐकतो आहोत — काय म्हणून मारता ते.